ब्रास वादनात पदव्युत्तर शिक्षण: गुरूच्या शोधापासून पहिल्या सत्रापर्यंत

ऑर्केस्ट्राच्या नोकरीसाठी ऑडिशन होते तेव्हा पहिल्या फेरीत वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी पडदा असतो. पडद्याआडून पदवी दिसत नाही की विद्यापीठाचं नाव दिसत नाही. ऐकू येतो तो फक्त सूर. बायोडाटा पाहून निमंत्रण देण्याची पद्धत आहे तिथे शिक्षणाचा उपयोग दारापर्यंत पोहोचायला होतो, पण खुर्ची मिळते ती वाजवण्यावरच. म्हणून ब्रासमध्ये, म्हणजे ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम किंवा ट्युबा अशा पितळी फुंकवाद्यांत मास्टर्स करू का, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: ही दोन वर्षं तुम्हाला कशासाठी हवी आहेत?

माझ्या मते याचं खरं उत्तर दोन गोष्टींत आहे. आपल्या वादनातल्या ज्या उणिवा आपल्याला ऐकूच येत नाहीत, त्या ऐकणारा कान दर आठवड्याला समोर असावा. आणि चांगल्या वादकांच्या शेजारी बसून भरपूर वाजवायला मिळावं. पुढचा प्रत्येक निर्णय, मग तो देशाचा असो, संस्थेचा, पैशांचा की वाद्याचा, याच दोन कसोट्यांवर घासून बघा. संस्थेचं नाव कितीही मोठं असो, तिथे गुरू वर्षातले निम्मे आठवडे दौऱ्यावर असेल आणि तुम्हाला सत्रातून एकदाच ऑर्केस्ट्रात बसायला मिळणार असेल, तर ते नाव तुमच्या ओठांच्या काही उपयोगाचं नाही.

आधी पदवीचा प्रकार ठरवा

अमेरिकेत ‘मास्टर ऑफ म्युझिक’ साधारण दोन वर्षांची असते. त्यात वाद्याचे धडे, ऑर्केस्ट्रा, विंड बँड, चेंबर म्युझिक (छोट्या गटातलं वादन), एक किंवा दोन एकल मैफिली, आणि जोडीला संगीताचा इतिहास व थिअरी. ‘आर्टिस्ट डिप्लोमा’ किंवा ‘परफॉर्मन्स डिप्लोमा’ यात वर्गातलं शिक्षण जवळपास नसतंच. वादन एके वादन. प्रवेशाची पातळी मात्र फार वरची असते. ‘डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स’ म्हणजे डीएमए ही वादकाची डॉक्टरेट. तिच्यात अनेक मैफिली, पात्रता परीक्षा आणि एक लेखी प्रबंध येतो. अमेरिकेत विद्यापीठात ब्रास शिकवायची नोकरी हवी असेल, तर जाहिरातीत ही पदवी वारंवार मागितलेली दिसेल. फक्त ऑर्केस्ट्रात बसायचं असेल, तर तिच्यामागे लागायची गरज नाही.

युरोपात मास्टर्स बहुतेक १२० क्रेडिटची, म्हणजे दोन वर्षांचीच असते. जर्मनीत तिच्या पुढे ‘कॉन्त्सर्टएक्झामेन’ ही सर्वोच्च वादन परीक्षा आहे. आणखी एक वाट अनेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे ऑर्केस्ट्रांच्या स्वतःच्या अकादम्या. बर्लिन फिलहार्मोनिकची कारायान अकादमी १९७२ पासून चालू आहे. मायामीतली न्यू वर्ल्ड सिम्फनी १९८७ साली मायकेल टिल्सन थॉमस यांनी सुरू केली. शिकागो सिम्फनीची सिव्हिक ऑर्केस्ट्रा तर १९१९ पासूनची. या पदव्या देणाऱ्या संस्था नाहीत, पण व्यावसायिक वादकाच्या अगदी शेजारी बसून शिकायला मिळतं ते इथेच. मास्टर्सनंतरची पायरी म्हणून यांचा विचार आत्तापासून डोक्यात असू द्या.

गुरू शोधा, संस्था नंतर

ब्रासच्या जगात विद्यार्थी ‘अमुक विद्यापीठात शिकलो’ असं कमी सांगतात. ‘अमक्यांकडे शिकलो’ असं जास्त. त्याला कारण आहे. एमोरी रेमिंग्टन १९२२ ते १९७१ अशी जवळपास पन्नास वर्षं ईस्टमन स्कूलमध्ये ट्रॉम्बोन शिकवत होते. त्यांनी सकाळच्या रियाजासाठी आखलेले लांब सुरांचे पाठ आजही जगभरचे ट्रॉम्बोनवादक करतात. शिकागो सिम्फनीत १९४४ ते १९८८ ट्युबा वाजवणाऱ्या आर्नल्ड जेकब्ज यांच्याकडे केवळ ट्युबावालेच नाहीत, तर ट्रम्पेट आणि हॉर्नवालेही श्वास शिकायला जात. स्नायूंवर लक्ष ठेवू नका, मनात गाणं ऐका आणि हवा सोडा, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. ज्यांच्याकडे तुम्ही शिकाल त्यांचा सूर आणि त्यांची श्वासाची समज तुमच्यात उतरते. तेव्हा हा निर्णय माहितीपत्रक वाचून घ्यायचा नसतो.

करायचं असं. ज्यांचा सूर ऐकून ‘असं वाजवता यायला हवं’ असं वाटतं, अशा वादकांची यादी काढा. त्यातले कोण कुठे शिकवतात ते संस्थांच्या संकेतस्थळांवर बघा. मग त्यांच्या विद्यार्थ्यांच्या मैफिलींची रेकॉर्डिंग ऐका. ही पायरी गाळू नका, कारण उत्तम वाजवणारा उत्तम शिकवतोच असं नाही. एकाच गुरूचे चार-पाच विद्यार्थी ऐका. सगळ्यांचा सूर मोकळा, भरीव असेल पण प्रत्येकाचा रंग वेगळा असेल, तर ती चांगली खूण. सगळे सारखेच कष्टाने वरच्या सुरांपर्यंत पोहोचत असतील, तर सावध व्हा.

त्यानंतर ई-मेल. तो छोटा ठेवा: तुम्ही कोण, सध्या कोणाकडे शिकता, कोणत्या वर्षीच्या प्रवेशासाठी अर्ज करणार, एका रेकॉर्डिंगचा दुवा, आणि दोन स्पष्ट प्रश्न. पहिला, एकदा धडा घेता येईल का आणि त्याची फी किती. दुसरा, त्या वर्षी तुमच्या वर्गात मास्टर्सच्या किती जागा रिकाम्या होणार आहेत.

दुसरा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो, पण सगळं गणित त्यावरच उभं आहे. व्हायोलिनच्या जागा डझनांनी असतात. सिम्फनी ऑर्केस्ट्रात हॉर्न साधारण चार, ट्रम्पेट तीन, ट्रॉम्बोन तीन आणि ट्युबा एक. संस्था आपल्या ऑर्केस्ट्रांना लागतील तेवढेच ब्रासवाले घेते. एखाद्या छोट्या संस्थेत ट्युबाचा विद्यार्थी आत्ताच दाखल झाला असेल, तर पुढच्या वर्षी तुम्ही कितीही छान वाजवलंत तरी जागाच नसेल. गुरूला हा प्रश्न अजिबात खटकत नाही; उलट मुलगा विचार करून आलाय असं वाटतं.

धड्याला जाल तेव्हा तुमचं सर्वांत चमकदार ते वाजवून दाखवायचा मोह आवरा. जिथे अडतं तेच घेऊन जा. समजा, खालच्या सप्तकातून वर जाताना मध्ये सूर दबतो. तो भाग वाजवा आणि समोरचा काय करतो ते बघा. तो लगेच ओठांची ठेवण बदला म्हणतो, की आधी श्वास ऐकतो? स्वतः वाजवून दाखवतो का? एका वेळी एकच गोष्ट सांगतो की सात? अर्ध्या तासात तुमच्या सुरात कानाला कळेल असा काही फरक पडला, तर तो गुरू तुमच्यासाठी आहे. धडा झाल्यावर त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. तीन-चार धड्यांनंतर तुलना करायला ही टिपणंच कामी येतात.

आणि सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, गुरू समोर नसताना. सत्रात ठरलेल्या धड्यांपैकी किती प्रत्यक्ष होतात? गुरू दौऱ्यावर असताना कोण शिकवतं? आठवड्याला स्टुडिओ क्लास होतो का, म्हणजे सगळे एकमेकांसमोर वाजवतात का? ऑर्केस्ट्रातले उतारे वाजवण्याचा वेगळा वर्ग आहे का? लटकी ऑडिशन पडद्याआड घेतात का? शेवटचा प्रश्न असा विचारा: गेल्या वर्षी बाहेर पडलेले आता काय करतात? या प्रश्नावर गप्प बसणारे विद्यार्थी बरंच काही सांगून जातात.

खुर्च्या मोजा

इंडियाना विद्यापीठाची जेकब्स स्कूल ऑफ म्युझिक एवढी मोठी आहे की तिथे एकाच वेळी अनेक ऑर्केस्ट्रा चालतात. फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट याच्या अगदी उलट: विद्यार्थी जेमतेम एका ऑर्केस्ट्रापुरते, आणि १९२८ पासून कोणाकडूनही शिक्षण शुल्क घेतलं जात नाही. मोठ्या ठिकाणी निरनिराळे गुरू, निरनिराळी मंडळी, भरपूर चेंबर गट. पण वरच्या ऑर्केस्ट्रात पोहोचायला प्रत्येक सत्रात स्पर्धा. छोट्या ठिकाणी खुर्ची ठरलेली, पण तुमच्यासारखंच वाद्य वाजवणारे दोघे-तिघेच, आणि रोज ऐकून शिकायचं तेही त्यांच्याकडूनच.

दोन्हींतलं एक सरसकट चांगलं असं मी म्हणणार नाही. ट्रम्पेट आणि हॉर्नवाल्यांना मोठ्या वर्गातल्या चुरशीचा फायदा होताना मी पाहिलाय. ट्युबा आणि बास ट्रॉम्बोनवाल्यांना मात्र मी छोटी जागा सुचवेन, कारण रांगेत पाचवा असलेला ट्युबावादक सत्रभर बाकावरच बसतो. ब्रास क्विंटेटचं विचारायला विसरू नका. पाच जणांच्या गटात लपायला जागा नसते. सूर जुळवणं, एकत्र श्वास घेणं, दुसऱ्याच्या आवाजाखाली आपला आवाज ठेवणं हे तिथे जेवढं शिकायला मिळतं, तेवढं नव्वद जणांच्या ऑर्केस्ट्रात मिळत नाही.

देशाप्रमाणे वाद्य बदलतं

हे आधी न कळल्यामुळे पुष्कळांची तारांबळ उडते. अमेरिकी ऑर्केस्ट्रांत ट्रम्पेटवाले मुख्यतः सी ट्रम्पेट वाजवतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रोटरी व्हॉल्व्हचं, म्हणजे फिरत्या झडपांचं ट्रम्पेट चालतं आणि त्याची पकड, फुंक, सूर बाहेर येण्याची रीत, सगळंच वर-खाली दाबायच्या पिस्टनवाल्याहून निराळं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये आजही व्हिएन्नी एफ हॉर्न वाजतं. जगात इतरत्र बहुतेक डबल हॉर्न, म्हणजे एफ आणि बी फ्लॅट एकाच वाद्यात. ट्युबामध्ये तर प्रत्येक देशाचा वेगळाच संसार: अमेरिकेत सी ट्युबा, ब्रिटनमध्ये ई फ्लॅट, जर्मनीत बी फ्लॅट आणि एकल वादनाला एफ. पट्टीही सारखी नाही. अमेरिकेत ए हा सूर सहसा ४४० किंवा ४४१ हर्ट्झला लावतात, जर्मनीत ४४२-४४३ ला.

म्हणून नवं वाद्य घ्यायचा विचार असेल, तर गुरू आणि देश नक्की होईपर्यंत थांबा. ऑडिशनला तुमचं नेहमीचं चांगलं वाद्य चालतं. वर्गात आल्यावर काय लागेल ते गुरूला विचारा. अनेक संस्थांकडे रोटरी ट्रम्पेट, काँट्राबास ट्रॉम्बोन, वाग्नर ट्युबा अशी महागडी वाद्यं विद्यार्थ्यांना वापरायला असतात.

वेळापत्रक

शरद ऋतूत सुरू होणाऱ्या वर्षासाठी कामाला दीड वर्ष आधी लागायला हवं. पहिले सहा महिने गुरू ऐकणं, ई-मेल, धडे यात जातात. ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटॉयरचे, म्हणजे संगीत महाविद्यालयांचे अर्ज सर्वांत आधी बंद होतात, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांची मुदत बहुतेक १ डिसेंबरच्या आसपास, आणि प्रत्यक्ष ऑडिशन जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. जर्मन होखशूलेंचे (उच्च संगीत संस्थांचे) हिवाळी सत्रासाठीचे अर्ज साधारण वसंतात आणि प्रवेश परीक्षा उन्हाळ्याच्या सुरुवातीला. तिथे भाषेचं प्रमाणपत्रही लागतं आणि त्याची पातळी संस्थेप्रमाणे बदलते. जर्मन शून्यापासून शिकायची असेल, तर ते काम आजपासूनच.

शिफारसपत्रं मागताना दोन महिने तरी हातात द्या. पाच-सहा संस्था पुरेत. दहा-बारा ठिकाणी अर्ज केला की प्रत्येक ठिकाणचे उतारे वेगळे निघतात आणि रियाज पसरट होतो.

काय वाजवायचं

एकल रचनांची यादी फारशी बदलत नाही. ट्रम्पेटला हायडनचा १७९६ चा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना), हुमेलचा १८०३ चा, अरुत्युन्यानचा १९५० चा. हॉर्नला मोझार्टचा एखादा कॉन्चेर्टो किंवा रिचर्ड स्ट्राउसचा पहिला. ट्रॉम्बोनला फर्डिनंड डेव्हिडचं १८३७ चं कॉन्चेर्टिनो. ट्युबाला व्हॉन विल्यम्सचा १९५४ चा कॉन्चेर्टो. जोडीला दोन विरुद्ध स्वभावांचे एट्यूड, म्हणजे सरावाच्या छोट्या रचना: एक गाणारा, एक तांत्रिक. इथे माझा आग्रह एकच. आज ज्या रचना नव्वद टक्के हातात आहेत त्याच घ्या. ऑडिशनसाठी म्हणून आयुष्यातली सर्वांत कठीण रचना पहिल्यांदा उघडू नका. कठीण रचना धडपडत वाजवली तर परीक्षकांना धडपड ऐकू येते. हायडनचा संथ भाग मोकळ्या सुरात वाजवला तर सूर ऐकू येतो.

खरी चाळणी लागते ती ऑर्केस्ट्रातल्या उताऱ्यांत. एक उदाहरण जवळून बघू. माहलरच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात एकट्या ट्रम्पेटने होते. तीन झटपट सूर आणि एक लांब, असं पुन्हा पुन्हा. संपूर्ण हॉल शांत, पाठीशी कोणी नाही. माहलरने स्वरलिपीतच लिहून ठेवलंय की हे त्रिक किंचित घाईने, लष्करी तुतारीच्या ढंगात वाजवावं. म्हणजे मेट्रोनोममध्ये काटेकोर बसवलेलं त्रिक इथे चूक ठरतं. आणि घाईच्या नावाखाली लांब सुराची लांबी कमी केली तर तीही चूक. परीक्षक पहिल्या चार मापांत काय ऐकतात? तिन्ही छोटे सूर सारख्याच आवाजाचे आहेत का, की मधला गिळला गेला? लांब सूर लागल्यावर जागेवर राहतो की खाली सरकतो? दोन त्रिकांमधली शांतता मोजलेली आहे का? आणि आवाज वाढत जातो तेव्हा सुराचा पोत बदलतो का? चार मापं, आणि तुमची लय, सूर, जीभ आणि धीर चारही उघडे पडतात.

प्रत्येक वाद्याला असे उतारे आहेत. मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’चं रॅव्हेलने १९२२ साली ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर केलं, त्याची सुरुवातही एकट्या ट्रम्पेटची. हॉर्नला चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागातलं लांब गाणं. आणि खालच्या हॉर्नसाठी शोस्ताकोविचच्या पाचव्या सिम्फनीतला खर्जातला तुकडा. ट्रॉम्बोनला रॅव्हेलचा ‘बोलेरो’. त्यात बराच वेळ गप्प बसून मग थंड ओठांनी एकदम वरच्या डी फ्लॅटपर्यंत जायचं असतं. रियाजातही हा उतारा गरम ओठांनी वाजवून समाधान मानू नका. पंधरा मिनिटं नुसतं बसा आणि मग उचला. ट्युबाला वाग्नरच्या ‘माइस्टरझिंगर’ या ऑपेराच्या प्रेल्यूडमधला उतारा हमखास, कारण तिथे लांब वाक्य मध्ये न तोडता श्वास कुठे घ्यायचा हेच बघायचं असतं.

उतारा कधीही एकटा शिकू नका. पूर्ण रचना ऐका, त्यावेळी खाली तंतुवाद्यं काय करतायत ते डोक्यात चालू असू द्या. ज्याला ऑर्केस्ट्रा मनात ऐकू येतो त्याचं वादन पडद्याआडूनही ओळखू येतं. बदलत्या सुरावटींचं वाचनही पक्कं हवं: जुन्या रचनांत हॉर्न आणि ट्रम्पेटचे भाग एफ, ई, डी, सी अशा निरनिराळ्या पट्ट्यांत लिहिलेले असतात आणि वाजवता वाजवता मनातल्या मनात बदलावे लागतात. ट्रॉम्बोनवाल्यांना बास क्लेफबरोबर टेनर आणि आल्टो क्लेफ (स्वरलिपीत सुरांची जागा ठरवणाऱ्या खुणा) सफाईने वाचता यायला हवेत.

प्रीस्क्रीन रेकॉर्डिंग

अमेरिकेतल्या अनेक संस्था आधी रेकॉर्डिंग मागवतात आणि त्यावरून प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावतात. एक भाग एका दमात, कापाकापी न करता, असा नियम असतो. तो पाळा, जोड दिलेला कानाला कळतो.

ब्रासचं रेकॉर्डिंग फसतं ते मुख्यतः आवाजाच्या पातळीपायी. फोनमधली आपोआप पातळी बदलणारी सोय मोठा आवाज दाबते आणि छोटा वर काढते. तुमचं सगळं डायनॅमिक, म्हणजे आवाजातला चढउतार, सपाट होतं. ती सोय बंद करता येणारं रेकॉर्डर वापरा. कार्यक्रमातला सर्वांत मोठा आवाज आधी वाजवून पातळी ठरवा आणि पुढे तिला हात लावू नका. माइक तीन-चार मीटर लांब ठेवा. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची घंटा, म्हणजे वाद्याचं पुढचं रुंद तोंड, थेट माइकवर न रोखता किंचित बाजूला. हॉर्नची घंटा मागे तोंड करून असते, तेव्हा मागे कडक भिंत आहे की जाड पडदा, यावर सूर ठरतो. दोन्ही करून ऐका. खोली फार घुमणारी नको. घुमाऱ्यात जीभ (सुराची सुरुवात किती नेमकी आहे ते) लपते आणि परीक्षकांना ते ठाऊक असतं.

एका दिवशी सगळं उरकायचा अट्टहास धरू नका. ओठ दोन तासांत दमतात, आणि तिसऱ्या तासाला घेतलेली प्रत पहिल्या तासापेक्षा क्वचितच चांगली निघते. एका बैठकीत एकल रचना, दोन दिवसांनी उतारे. पियानोची साथ लागणार असेल, तर साथीदाराबरोबर आधी किमान दोनदा बसा. हायडनच्या संथ भागात पियानो कुठे थांबतो ते ऐनवेळी ठरवायचं नसतं.

ऑडिशनचा दिवस

वेळ साधारण दहा-पंधरा मिनिटं. परीक्षक मध्येच थांबवतात आणि पुढचं वाजवायला सांगतात. त्याचा अर्थ वाईट वाजलं असा नाही. जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं एवढाच. कधी कोणी म्हणतं, ‘हेच पुन्हा, अर्ध्या आवाजात.’ ही शिकण्याची तयारी बघण्याची जागा आहे. तिथे मुद्दाम ठळक बदल करा. अर्धवट बदलापेक्षा अतिशयोक्ती परवडली.

ऑडिशनचा हंगाम थंडीचा असतो. थंड वाद्य खाली वाजतं, आणि वाद्य गरम होत जातं तसा सूर वर चढतो. बाहेरून येऊन लगेच ट्यूनिंग स्लाइड (सूर लावायची सरकती नळी) हलवू नका. आधी वाद्यात नुसती हवा फुंका, दहा मिनिटं वाजवा, मग लावा. सरावाच्या खोलीत पूर्ण कार्यक्रम वाजवून संपवू नका. बाहेर शेजारच्या खोलीतून कोणाचा तरी झगझगीत वरचा सूर ऐकू येईल. त्याला उत्तर द्यायला गेलात की ओठ तिथेच खर्ची पडतात.

विमानाने जायचं असेल तर ट्रम्पेट आणि हॉर्न सहसा सोबत नेता येतात. ट्रॉम्बोनबाबत विमान कंपनीचे नियम आधी वाचा. ट्युबा घेऊन उडण्यापेक्षा तिथल्या गुरूला ‘ऑडिशनपुरती ट्युबा मिळेल का’ असं विचारणं रूढ आहे. मात्र माउथपीस स्वतःचा न्या, आणि तो हातातल्या पिशवीत ठेवा.

ओठ आणि कान

सहा आठवड्यांत चार ऑडिशन असतील, तर रियाजाचे तास वाढवण्यापेक्षा त्यांची मांडणी बदला. जेवढं वाजवाल तेवढी विश्रांती, हा ब्रासवाल्यांचा जुना नियम आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या तीन बैठका एका सलग अडीच तासांपेक्षा कितीतरी जास्त देतात. ओठ सुजले, आणि हलका सूर लगेच सुटायच्या ऐवजी उशिरा फुटू लागला, तर त्या दिवसाचं वादन थांबवा. दाबून वाजवत राहिलं तर ओठाभोवतीच्या स्नायूला खरी इजा होऊ शकते, आणि ती भरून यायला महिने लागतात. एखादा ओठ किंवा जबडा तुमच्या मनाविरुद्ध थरथरायला लागला आणि ते विश्रांतीनेही जात नसेल, तर वादकांच्या दुखण्यांची जाण असलेल्या डॉक्टरांकडे जा. ‘अजून रियाज कर’ हा सल्ला अशा वेळी घातक ठरतो.

कानांचंही तसंच. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ब्रासच्या रांगेत १०० डेसिबलच्या वर आवाज सहज जातो. वादकांसाठी बनवलेले, सगळे सूर सारखे कमी करणारे इअरप्लग आत्ताच सवयीचे करा.

पैसे

इथे मी थोडं कठोर बोलणार आहे. ब्रास वादनाच्या मास्टर्ससाठी मोठं कर्ज काढू नका. ऑर्केस्ट्रातली ट्युबाची खुर्ची एक, आणि ती वर्षानुवर्षं भरलेली असते. पदवी झाल्यावर ऑडिशनांचा प्रवास, वाद्याची निगा, फुटकळ वादनावरचं जगणं अशी काही वर्षं लागतात. त्या वर्षांत हप्त्याचं ओझं असेल तर पहिली कात्री ऑडिशनांवर चालते.

मार्ग आहेत. कर्टिसचं वर सांगितलंच. येल स्कूल ऑफ म्युझिकमध्येही विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पडत नाही. २००५ साली मिळालेल्या मोठ्या देणगीमुळे ते शक्य झालं. जर्मनीतल्या सरकारी संगीत संस्थांत बहुतेक राज्यांत शुल्क नसतं. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १५०० युरो घेतं. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत ‘ग्रॅज्युएट असिस्टंटशिप’ हा मोठा आधार असतो: शुल्क माफ, वर थोडं मानधन, आणि बदल्यात काम. काम म्हणजे भावी संगीत शिक्षकांना ब्रासची तोंडओळख करून देणं, बँडचं ग्रंथालय सांभाळणं, मार्चिंग बँडला मदत, किंवा विद्यापीठाच्या क्विंटेटमध्ये वाजवणं. आठवड्याला किती तास आणि नेमकं काय, हे लेखी विचारा. क्विंटेटमध्ये वाजवण्याची असिस्टंटशिप सोनं आहे. मैदानावर रोज संध्याकाळी उभं राहण्याची असिस्टंटशिप ओठ आणि वेळ दोन्ही खाते.

प्रस्ताव हातात आला की गुरूला मोकळेपणाने सांगा: मला इथेच यायचं आहे, पण एवढी तूट आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. संस्थेला विशिष्ट वाद्य हवंच असतं, आणि बास ट्रॉम्बोनसारख्या दुर्मीळ वाद्याच्या विद्यार्थ्यासाठी रक्कम वाढवून मिळाल्याची उदाहरणं कमी नाहीत. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा असते. त्याआधी घाईने होकार मागितला तर नम्रपणे वेळ मागून घ्या. आणि नकार द्यायचा असेल तिथे लवकर द्या. तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी मिळणार असते.

पहिलं सत्र

प्रवेश मिळाल्यावर उन्हाळा मोकळा सोडू नका. बहुतेक अमेरिकी संस्था सुरुवातीलाच संगीत इतिहास आणि थिअरीची चाचणी घेतात. त्यात कमी पडलात तर उजळणीचे वर्ग घ्यावे लागतात. त्यांचं क्रेडिट पदवीत मोजलं जात नाही आणि रियाजाचे तास मात्र जातात. जुनी पाठ्यपुस्तकं काढून महिनाभर रोज तासभर बसलं की हे टळतं.

ऑर्केस्ट्रातल्या जागाही त्याच आठवड्यात ठरतात, आणि त्या ऑडिशनचे उतारे उन्हाळ्यातच जाहीर होतात. संस्थेच्या संकेतस्थळावर यादी लागली का ते जुलैपासून बघत राहा, आणि यादीतल्या रचनांपैकी त्या सत्रात कोणत्या वाजणार आहेत तेही शोधा. गुरूबरोबरच्या पहिल्या धड्याला रोजच्या सरावाचं वेळापत्रक लिहून न्या: सकाळी काय करता, किती वेळ, कोणत्या क्रमाने. बरेच गुरू पहिला धडा त्यावरच घेतात, आणि ते तुमच्याकडे तयार असेल तर निम्मा तास प्रश्नोत्तरांत न जाता वाजवण्यात जातो.